तुझ्याकडे किती वाजले?

मिरजेहून आईचा मिस्ड कॉल येतो. तिच्या मोठ्या बटणांच्या फोनवर एक आकडा दाबून धरला की माझा नंबर लागतो. दोनदा रिंग झाली की ती ठेवते, मग मी इकडून फोन करते. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हीच पद्धत असेल. फोन लागल्यावर तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुझ्याकडे किती वाजले गं?"

मी वेळ सांगायची, ती "हं" म्हणायची आणि मग जेवण, पाऊस, शेजारपाजार असं बोलणं सुरू व्हायचं. लेक लांब आहे, तिचा दिवस कुठवर आलाय हे आईला जाणून घ्यायचं असेल, असं मी समजत होते. मला त्याचं कौतुकही वाटायचं.

गेल्या वर्षी नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरला होती. आदल्या रात्री इथे झोपायच्या तयारीत असताना तिचा कॉल आला. तोच प्रश्न. "साडेअकरा," मी म्हटलं. "बरं, झोप," म्हणून तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी बोलणं झालं तेव्हा ती हसत सांगत होती, "अगं, जन्मात पहिल्यांदा उजाडल्यावर आंघोळ झाली. कामाच्या मावशी आल्या तर मी विचारते, आज सहालाच कशा आलात? त्या म्हणाल्या, सात वाजून गेले की आई. कारीट तसंच राहिलं बघ. आता मी नरकात जाणार."

ती हसत होती, पण मला हिशेब कळला आणि मी मटकन खाली बसले. काचबिंदूमुळे तिची नजर बाजूनं मिटत आलेली आहे. भिंतीवरचं घड्याळ तिला दिसेनासं झालं होतं आणि हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. टोल्यांचं जुनं घड्याळ अण्णांबरोबरच थांबलं, कारण चावी द्यायचं काम त्यांचं. तेव्हा ती माझ्याकडे किती वाजले ते विचारून त्यात साडेचार तास मिळवत होती. मार्चमध्ये मीच तिला सांगितलं होतं, "आता साडेचार तासांचा फरक." २७ ऑक्टोबरला इथली घड्याळं मागं गेली, फरक साडेपाच तासांचा झाला, आणि ते सांगायचं मी विसरले. माझ्या साडेअकराला तिच्याकडे पहाटेचे पाच वाजले होते. तिच्या हिशेबानं चारच. म्हणून ती तासभर आणखी पडून राहिली.

अभ्यंगस्नानाचं एक वेळ सोडा. डोळ्यांत दोन प्रकारचे थेंब तिला ठरलेल्या वेळी घालायचे असतात. ते चार दिवस तासभर मागं पडले होते.

बोलणारी घड्याळं बाजारात मिळतात. भावानं पुण्याहून एक नेऊन दिलंही. ते इंग्रजीत बोलायचं. आई म्हणाली, "ती बाई काहीतरी पुटपुटते आणि गप्प बसते. दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटते." मग मीच ठरवलं की तिला मराठी बोलणारं घड्याळ करून द्यायचं. नवऱ्याला तारा जोडायची हौस आहे. मी लग्नाआधी पाच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं, एम. ए. मराठीतलं. आवाज माझा, तारा त्याच्या. एवढं सोपं वाटलं होतं.

*

काम सुरू केल्यावर आधी एक झालं. दहा वर्षं ज्या लंडनमध्ये राहते, ते मला नव्यानं ऐकू यायला लागलं.

आमच्या हॅरोतून जाणाऱ्या १८३ नंबरच्या बसमध्ये बसलं की एक बाई आधी नंबर सांगते, मग 'टु', मग 'गोल्डर्स ग्रीन'. हे वाक्य कुणी सलग म्हटलेलं नाही. नंबर वेगळा रेकॉर्ड केलेला, 'टु' वेगळं, गावाचं नाव वेगळं. बस कुठे आहे त्याप्रमाणे यंत्र ते तुकडे ओळीनं लावतं. लंडनभरच्या बसमधला हा आवाज एमा हिग्नेट यांचा. हजारो थांब्यांची नावं त्यांनी एकेक करून म्हटलेली आहेत. मी रोज ऐकत होते, पण तुकड्यांमधला सांधा कधी जाणवला नव्हता. आता जाणवला तो जाईना. गोधडीतलं ठिगळ एकदा दिसलं की डोळा तिथेच जातो, तसं.

यंत्राला शब्द येतात, पण वेळ साधावी लागते. २०१८च्या जानेवारीत लंडनच्या बसमध्ये एक नवी सूचना सुरू झाली होती, बस आता सुटणार आहे, धरून उभे राहा. गंमत अशी की ही सूचना पुष्कळदा बस सुटून पुढे गेल्यावर यायची. साऱ्या बसमध्ये हशा पिकायचा. त्या वेळी मीही हसले होते.

फेब्रुवारीत शाळेला आठवड्याची सुट्टी लागली, तेव्हा आठ वर्षांच्या लेकीला घेऊन एम्बँकमेंट स्टेशनला गेले. तिला सांगितलं, आज आपण काही बघायला नाही, ऐकायला जातोय. हॅरो-ऑन-द-हिलहून बेकर स्ट्रीट, तिथून बेकरलू लाइननं एम्बँकमेंट, आणि मग जिने-बोगदे पार करून नॉर्दर्न लाइनचा उत्तरेकडे जाणारा फलाट.

हा फलाट चांगलाच वळलेला आहे. त्याला कारण आहे. १९१४ साली ही गाडी इथवर आणली तेव्हा ती परत फिरवायला थेम्सखालून एक फेरा मारलेला होता. १९२६ साली लाइन नदीपलीकडे केनिंग्टनला नेली, तरी उत्तरेकडचा फलाट त्या जुन्या फेऱ्यावरच राहिला. फलाट वाकडा आणि डबा सरळ, म्हणून मध्ये फट पडते. म्हणून 'माइंड द गॅप'. ही सूचना १९६८ साली पहिल्यांदा रेकॉर्ड करून वाजवायला लागले. त्या काळी आवाज साठवायची यंत्रं फार महाग होती, म्हणून जेमतेम तीन शब्दांत भागवलं. आज ते शब्द चहाच्या कपांवर छापून पर्यटकांना विकतात.

पुढे बहुतेक स्टेशनांवर नवे आवाज आले. एम्बँकमेंटच्या या फलाटावर मात्र ऑस्वाल्ड लॉरेन्स या नटाचा जुना आवाज टिकून होता. २००७ साली ते वारले. त्यांची पत्नी मार्गारेट मॅकॉलम, पेशानं डॉक्टर, त्यानंतर मुद्दाम या फलाटावर येऊन बसत. एखादी गाडी सोडून देत आणि नवऱ्याचा आवाज ऐकत. २०१२च्या नोव्हेंबरात नवी यंत्रणा आली आणि तो आवाज गेला. त्यांनी चौकशी केली. रेल्वेच्या माणसांनी जुन्या रेकॉर्डिंगमधून तो शोधून काढला, त्यांना त्याची सीडी दिली आणि २०१३ साली याच एका फलाटावर तो परत लावला.

आम्ही बाकावर बसून चार गाड्या सोडल्या. आवाज खणखणीत आहे, जुन्या नाटकातल्यासारखा. तीन शब्द, की संपलं. लोक न ऐकता चढत होते, उतरत होते. लेकीनं विचारलं, "आई, हे आजोबा वारले तरी रोज कामावर येतात?" मी "हो" म्हटलं. पाचव्या गाडीत बसताना मला अण्णांची फार आठवण आली.

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. मिरजेच्या स्टँडवरच्या त्या जाळीच्या खोलीतून माइकवर गाड्या पुकारायचे. "पंढरपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे." शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन बसायची. आता आठवलं की कळतं, अण्णांना किती व्याकरण येत होतं. कराडला, साताऱ्याला, सांगोल्याला, पुण्याला. प्रत्येक गावाचं रूप जिभेवर आपोआप बदलायचं. यंत्राला हे जमत नाही. त्याच्याकडे 'सातारा' असतं आणि 'ला' असतं. जोडले की 'सातारा-ला'. म्हणून यंत्राला बोलतं करणारे वाक्यच असं बेततात की नाव आहे तसं राहावं. मुंबईच्या लोकलमध्ये "पुढील स्टेशन, ठाणे" असं सांगतात. ठाण्याचं काही करावं लागत नाही.

*

एप्रिलमध्ये आम्ही तिघं अप्टनला गेलो. किंग्ज क्रॉसहून नेवार्क नॉर्थगेटपर्यंत सव्वा-दीड तासाची गाडी. तिथून साउथवेलच्या रस्त्याला अप्टन हे नॉटिंगहॅमशरमधलं छोटं गाव. गाडीत थांब्यांची यादी लागली, तेव्हा नवऱ्यानं कान टवकारून दाखवलं. यादीतल्या मधल्या गावांचा सूर वर जातो आणि शेवटच्या गावाचा खाली येतो. म्हणजे प्रत्येक गावाचं नाव दोनदा रेकॉर्ड करावं लागतं, एक मधलं आणि एक शेवटचं. शाळेत हजेरी घेताना शेवटचं नाव आलं की माझाही आवाज खाली यायचा. मुलं वह्या काढायला लागायची.

अप्टन हॉल हा जुना वाडा ब्रिटिश होरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या घड्याळजींच्या संस्थेचा. तिथे घड्याळांचं संग्रहालय आहे. ते ठरावीक दिवशीच उघडं असतं, तेव्हा आधी चौकशी करून जावं. भोवती हिरवळ, मोठी झाडं, आत खोल्याखोल्यांतून टिकटिक. पण आम्ही गेलो होतो ते बोलणाऱ्या घड्याळासाठी.

इंग्लंडात टेलिफोन फिरवून वेळ विचारायची सोय २४ जुलै १९३६ला सुरू झाली. लंडनमध्ये टी-आय-एम ही अक्षरं फिरवायची, म्हणून तिचं नावच 'टिम' पडलं. आवाज होता एथेल केन या टेलिफोन ऑपरेटरचा. पोस्ट खात्यानं आपल्या ऑपरेटर मुलींची 'सोनेरी आवाजा'ची स्पर्धा घेतली, त्यात त्या पहिल्या आल्या. परीक्षकांत राजकवी जॉन मेसफील्ड होते. 'ॲट द थर्ड स्ट्रोक' असं म्हणून त्या वेळ सांगत आणि मग तीन टोले पडत.

हे त्यांनी सगळं म्हणून ठेवलं असतं तर? दर दहा सेकंदांना एक वाक्य. तासाला ३६०. बारा तासांना ४,३२०. त्याऐवजी तुकडे केले. तासांचे बारा, मिनिटांचे साठ, सेकंदांचे सहा आणि सुरुवातीचं वाक्य. कागदावर मांडलं तर ७९ तुकडे होतात. सिनेमाच्या फितीवर आवाज जसा प्रकाशानं छापतात, तसे हे तुकडे काचेच्या चकत्यांवर छापलेले होते. त्या चकत्या फिरत राहायच्या आणि यंत्र बरोबर तासाचा, मिनिटाचा, सेकंदाचा तुकडा उचलून ओळीनं लावायचं. त्या काळी कॉम्प्युटर नव्हता. दांडे, दाते, दिवे आणि काच. १९६३ साली दुसऱ्या ऑपरेटरचा, पॅट सिमन्स यांचा आवाज आला. १९८५ साली ब्रायन कॉबी यांचा, आणि तोवर यंत्रात चिप आली होती.

लेक काचेला नाक लावून उभी होती. मी पाटीच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं आकडेमोड करत होते. ७९ तुकड्यांत ४,३२० वाक्यं. मला मराठीत किती लागतील?

*

आता खरा अभ्यास सुरू झाला.

इंग्रजीत एक ते एकोणसाठ म्हणायला २३ शब्द पुरतात. एक ते वीस, मग तीस, चाळीस, पन्नास. 'थर्टी' आणि 'सेव्हन' जोडले की झालं. मराठीत सदतीस म्हणजे 'तीस' आणि 'सात' नव्हे. त्रेचाळीस, सत्तेचाळीस, एकोणपन्नास. सगळे आपापल्या परीनं बनलेले. एकोणपन्नासमध्ये तर पन्नासाला एक कमी, म्हणजे पुढचा आकडा आधीच यायला हवा. ५९ आकड्यांना ५९ तुकडे, कुठेही सूट नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टला 'साठ तीन' असंही वाचायची सोय केली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. मी तेव्हा इथे बसून मैत्रिणींच्या ग्रुपवर तावातावानं विरोध केला होता. लेकीला घरी उजळणी शिकवायला घेतल्यावर माझा ताव उतरला. ती त्रेपन्न आणि पस्तीस यांत रोज अडकते. आजही मला सत्तेचाळीसच हवं आहे, पण पुस्तक करणाऱ्यांना काय दिसलं होतं ते आता मला दिसतं.

मिनिटांचा प्रश्न आईनंच सोडवला. "मला सदतीस मिनिटं कशाला गं? माझी कुठे गाडी सुटतेय? सव्वा, साडे, पावणे सांग. मधलं पाच-पाच मिनिटांनी सांगितलं तरी चालेल."

मला वाटलं, सुटले. 'साडे' हा एक तुकडा, पुढे तासांचे बारा. पण 'साडेएक' कोण म्हणतं? दीड. आणि 'साडेदोन'? अडीच. 'पावणेएक' हल्ली कानावर येतं, पण आमच्याकडे पाऊण वाजतो. एकाला सव्वा झाला की नुसता सव्वा वाजतो. आपली इथली मुलं 'साडेदोन' म्हणतात तेव्हा आपण हसतो. माझी लेकही म्हणते. आता कळलं की ती चुकत नसते, जोडत असते. तिच्याजवळ जेवढे तुकडे आहेत तेवढ्यांतून ती मराठी रचते. दीड आणि अडीच हे तुकडे तिला कुणी दिलेलेच नसतात. ते आपण द्यायचे असतात, आणि आपण घरात 'टू थर्टी' म्हणून मोकळे होतो.

पहिला नमुना तयार झाला. एक छोटा बोर्ड, वर्षाकाठी फार तर एखादं मिनिट चुकणारी घड्याळाची चिप, स्पीकर, आणि बोटांना सहज लागेल असं एक मोठं बटण. फोनवर आईला ऐकवलं. दुपारची वेळ लावली होती. घड्याळ म्हणालं, "दुपारचे, एक, वाजले."

पलीकडे शांतता. मग हसू फुटलं. "एक वाजले? एक म्हणजे काय तुझे सासरे आहेत, वाजले म्हणायला? एक वाजला!"

खरंच की. एक वाजतो आणि दोन वाजतात. दुपारचा एक आणि दुपारचे दोन. दीड वाजतो, पण अडीच वाजतात. यंत्राला हे कोण सांगणार? शेवटी सव्वा, साडे, पावणे आणि पूर्ण तास, अशी बारा तासांची ४८ वाक्यं मी अखंडच म्हटली. त्यांत सांधा ठेवलाच नाही. मधल्या वेळांसाठी 'वाजून'चे बारा तुकडे, 'वाजायला'चे बारा, मिनिटांचे आठ. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र यांचे पाच, आणि त्या एकट्या एकासाठी 'दुपारचा' आणि 'रात्रीचा' असे दोन जादा. एकूण ८७. टिमच्या ७९ तुकड्यांत ४,३२० वाक्यं बसली. माझ्या ८७ तुकड्यांत दिवसाच्या २८८ वेळा.

रेकॉर्डिंग कपाटात बसून केलं. साड्यांच्या कपाटात आवाज घुमत नाही. वरून विमान गेलं की थांबायचं. पहिल्या दिवशी निम्मे तुकडे झाले, दुसऱ्या दिवशी सर्दी झाली. जोडून ऐकलं तर 'सकाळचे' एक बाई म्हणत होती आणि 'साडेसात वाजले' तिची थोरली बहीण. सगळं पुन्हा, एकाच दिवशी, एका बैठकीत. सुटा शब्द म्हटला की तो पाठांतरासारखा येतो, म्हणून पूर्ण वाक्य म्हणायचं आणि त्यातून हवा तेवढा तुकडा कापायचा, हेही चुकतमाकतच शिकले. प्रत्येक तुकड्याच्या मागचापुढचा श्वास छाटायचा. फार छाटला तर शब्द धापा टाकत येतात, कमी छाटला तर बाई विचारात पडल्यासारखी वाटते.

*

एक गोष्ट सांगायची राहिली.

एम्बँकमेंटहून आल्यावर त्या रात्री मी जुना फोन काढला. त्यात अण्णांचे चार वर्षांचे व्हॉइस मेसेज आहेत. "नऊ वाजले, झोपा आता." "पाचची इंटरसिटी चुकली." "साडेसातला निघतो." हेडफोन लावून एकेक ऐकत वहीत लिहीत गेले. पहाटेपर्यंत बारांपैकी आठ तास सापडले. तीन नव्हता. अकरा नव्हता. चार आणि दहाही नव्हते. पावणे तर कुठेच नाही. नवरा म्हणाला, "एवढा आवाज असला तर राहिलेले शब्द हल्ली कॉम्प्युटर तयार करून देतो. ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही."

मी आईला न सांगता ते करणार होते. बटण दाबल्यावर अण्णांचा आवाज आला की तिला किती बरं वाटेल, असं मनात होतं. आदल्या दिवशी मात्र धीर होईना, म्हणून फोनवर विचारलं.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "चौतीस वर्षं त्यांनी स्टँडवर ओरडून काढली. दिवाळीत, दसऱ्यात, सगळ्यांच्या गाड्या लावून दिल्या आणि मग घरी आले. आता त्यांना ड्युटी लावू नकोस."

थोड्या वेळानं परत म्हणाली, "आणि जे ते बोललेच नाहीत, ते त्यांच्या तोंडी नको घालू. तूच बोल."

मॅकॉलमबाईंना तो आवाज हवा होता आणि आईला नको आहे. दोघींचं मला पटतं. ऑस्वाल्ड लॉरेन्स यांचे ते तीन शब्द त्यांनी स्वतः म्हटलेले आहेत. अण्णांचा 'अकरा' मी बनवणार होते. वहीतलं ते पान फाडलं नाही, पण पुढे गेलेही नाही.

ऑगस्टमध्ये घड्याळ घेऊन मिरजेला गेलो. विमानतळावर तारा आणि बटण बघून तपासणीवाल्यानं पेटी उघडायला लावली. लेकीनं बटण दाबून दाखवलं. "सकाळचे साडेनऊ वाजले," माझाच आवाज मोठ्यानं आला. तिथे उभे असलेले चौघे हसले आणि आम्ही सुटलो.

आईनं ते देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. पहिल्या दिवशी पन्नास वेळा तरी बटण दाबलं असेल. मग शेरा मारला, "फळ्यासमोर उभी राहून बोलल्यासारखी बोलतेस. पण कळतं." थेंबांच्या वेळा सांभाळल्या जाताहेत. कामाच्या मावशी येताजाता बटण दाबतात आणि मला "बाई, चहा घ्या" म्हणतात.

लंडनला परत आलो. एक दिवस गेला, दोन गेले, मिस्ड कॉल नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला वेळ कळायची सोय करता करता मी तिचं फोन करायचं कारणच काढून घेतलं होतं. मी फोन केला की ती बोलायची, पण आपणहून तिचा कॉल येईना. "तुझी कामं असतात. वेळ तर मला कळते आता," म्हणाली.

सहाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. दोन रिंग आणि बंद. मी धावत परत केला.

"काय झालं गं आई?"

"काही नाही. तुझ्या घड्याळाला विचारलं, जेवलीस का? तर म्हणतं, संध्याकाळचे साडेसहा वाजले. म्हटलं, हिला दुसरं काही येत नाही. तुलाच विचारावं. जेवलीस का?"

जेवले होते, तरी नाही म्हटलं. मग अर्धा तास ती मला रागावत होती.

यंदा दिवाळी लवकर आहे. घड्याळं मागं जायची ती २६ ऑक्टोबरला, त्याआधीच अभ्यंगस्नान होतंय. तरी मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या रविवारी लाल पेननं लिहून ठेवलंय, 'आईला सांगणे, साडेपाच'. आता तिला त्याची गरज नाही. पण मला वाटतं, तुमच्यापैकीही कुणाच्या तरी घरी, मिरजेत नाही तर नागपुरात, मालवणात, कुणीतरी असा हिशेब करत असेल. एकदा विचारून बघा.

ते ८७ तुकडे आणि ते कसे जोडायचे याचा एक कागद, दोन्ही मी एका पेनड्राइव्हमध्ये भरून ठेवलंय. पाडव्याच्या कार्यक्रमाला घेऊन येईन. ज्यांना हवं असेल त्यांनी उतरवून घ्यावं. आवाज बाईंचा आहे, एवढं मात्र चालवून घ्यावं लागेल.